सायकलची फ्रेम घरी स्प्रेने रंगवायची तर

नेरुळहून एकांनी विचारलं आहे: वडिलांची जुनी स्टीलची सायकल आहे, चालते उत्तम, पण रंग पार गेला आहे. मागे बाजारातून काळ्या स्प्रेचा डबा आणून वरच्यावर मारला होता, तो पहिल्याच पावसाळ्यात पोपडे धरून निघाला. आता नीट करायचं आहे. जुना रंग पूर्ण काढावा लागेल का, कोणता स्प्रे घ्यायचा, किती डबे लागतील, आणि फ्लॅटच्या बाल्कनीत हे जमेल का?

जमेल. पण आधीचा रंग का निघाला ते समजून घ्या, नाहीतर पुन्हा तेच होईल. दोष बहुतेक त्या डब्यातल्या रंगाचा नव्हता. रंग ज्याच्यावर बसला तो पृष्ठभाग गुळगुळीत आणि तेलकट होता, आणि आपल्याकडे खाडीच्या हवेत राहिलेल्या सायकलवर मिठाचा अंशही असतो. हे मीठ डोळ्यांना दिसत नाही. पण ते रंगाखाली अडकलं की हवेतला ओलावा रंगाच्या पापुद्र्यातून आत ओढून घेतं, मग फोड येतात, फोडाखाली गंज धरतो आणि सगळं सुटून येतं. म्हणून या कामातला मोठा भाग घासण्या-धुण्याचा आणि थांबण्याचा आहे. प्रत्यक्ष रंग मारणं तासा-दीड तासाचं काम.

पहिली गोष्ट म्हणजे सायकल पूर्ण सोडवा. चाकं, चेन, मडगार्ड, ब्रेक, हँडल, सीट, चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क), सगळं. चिकटपट्ट्या लावून सायकल उभीच्या उभी रंगवायचा मोह होतो, पण तशी रंगवलेली सायकल लांबूनच ओळखू येते आणि गंज नेमका त्या झाकलेल्या जागांतूनच पुन्हा सुरू होतो. सोडवण्याआधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा. छर्रे आणि नटबोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवा, पुढचे छर्रे आणि बीबीचे, म्हणजे पायडलची धुरी जिथे फिरते त्या बॉटम ब्रॅकेटचे छर्रे एकत्र करू नका. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवा. बीबीचा उजवीकडचा, म्हणजे चेनच्या बाजूचा कपही बहुतेक अशा सायकलींत उलट्या आट्यांचा असतो. तो घट्ट बसलेला असेल आणि आतून चांगला असेल तर काढायच्या भानगडीत पडू नका, तोंडावर टेप लावून झाका. क्रँक (पायडलचा दांडा) कॉटर पिनने, म्हणजे आडव्या खिळीने बसवलेला असेल तर नट अर्धवट सैल करून, खालून लाकडाचा जाड ठोकळा देऊन मगच हातोडी मारा. आधार न देता ठोकलं तर कॉटर वाकतो आणि धक्का छर्ऱ्यांना बसतो. हे जमणार नसेल तर कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून तेवढं सोडवून आणा, त्यात कमीपणा नाही.

फ्रेम मोकळी झाली की उजेडात नेऊन नीट बघा. हेड ट्यूबला (हँडलखालची पुढची नळी) खालचा दांडा जिथे मिळतो तिथे, बीबीच्या आजूबाजूला, आणि मागचं चाक बसतं त्या खाचांपाशी. सुती चिंधी हळूच फिरवली आणि एखाद्या रेषेवर दोरे अडकले तर ती भेग असू शकते. भेग असेल तर रंग मारून ती झाकू नका, आधी डाग देणाऱ्या (ब्रेझिंग करणाऱ्या) चांगल्या कारागिराला दाखवा. चेनस्टेच्या (बीबीपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्या) खालच्या अंगाला गंज दिसला तर पेचकसाच्या टोकाने टोचून पाहा. पत्रा आत गेला तर ती फ्रेम रस्त्यावर आणण्याजोगी राहिलेली नाही, आणि वडिलांची सायकल असली तरी हे मान्य करावं लागतं. बीबीच्या खाली किंवा सीटच्या नळीवर फ्रेमचा नंबर ठोकलेला असतो. त्याचा फोटो काढून ठेवा आणि त्या खाचांत लांबी (पुट्टी) भरू नका.

आता जुना रंग. पूर्ण काढायची गरज बहुतेक वेळा नसते. कारखान्यात भट्टीत भाजलेला मूळ रंग कुठल्याही स्प्रेपेक्षा कडक असतो आणि तो पकडून असेल तर त्याच्याइतकं चांगलं अस्तर नाही. प्रश्न फक्त त्याच्यावर नंतर मारलेल्या थरांचा आहे. दोन साध्या परीक्षा करा. ब्लेडने रंगावर उभ्या-आडव्या चार-पाच रेघा मारून छोटी जाळी करा, त्यावर सेलोटेप दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. चौकोन टेपबरोबर आले तर तो थर जायलाच हवा. मग थिनरमध्ये भिजवलेली चिंधी एका कोपऱ्यावर अर्धा मिनिट धरा. भट्टीचा रंग ढिम्म हलत नाही. स्प्रेचा रंग चिंधीला लागून येतो. तुमच्या बाबतीत वरचा काळा थर निघेल आणि खाली मूळ रंग बऱ्यापैकी शाबूत सापडेल असा माझा अंदाज आहे. तसं असेल तर काळा तेवढा काढा, मूळ रंग घासा, आणि जिथे गंज आहे तिथेच धातूपर्यंत जा.

पेंट रिमूव्हर वापरायचा की नाही यावर मी स्पष्ट सांगतो: फ्लॅटमध्ये नको. बंद बाथरूममध्ये तर मुळीच नको. त्याची वाफ जड असते, खाली साचते आणि चक्कर आणते. हाताला लागला तर भाजतं. घासून काम होतं, थोडं जास्त लागतं एवढंच.

घासायचं ते पाण्याने. हार्डवेअरच्या दुकानात वॉटर पेपर मागा, १८०, ३२०, ४०० आणि ६०० नंबरचे. सोबत गंजासाठी तारेचा ब्रश. पाण्याने घासण्याचं कारण नुसतं सफाईचं नाही. जुन्या रंगांत शिसं असायचं. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा लागू झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून, आणि जुन्या सायकलींचे कारखान्यातले रंग तर त्या नियमातही येत नाहीत. कोरडं घासलं तर ती भुकटी घरभर होते, पोरांच्या हाताला लागते. पाण्याने घासलं की तिचा राडा होतो आणि तो पुसून कागदात गुंडाळून टाकता येतो. हातमोजे घाला, काम झालं की हात धुतल्याशिवाय चहाला बसू नका.

गंज १८० ने आणि तारेच्या ब्रशने उजळेपर्यंत काढा. बारीक खड्ड्यांत काळे ठिपके राहतातच, त्यांवर फॉस्फोरिक ॲसिडवालं गंज-रोधक लावा, डब्यावर लिहिलं असेल तेवढा वेळ ठेवा आणि धुऊन टाका. मग मूळ रंगाची कड आणि उघडा धातू यांच्यामधली पायरी ३२० ने घासून विरवायची. इथे घाई करू नका. डोळे मिटून बोटाची पेरं फिरवा. डोळ्यांना सपाट वाटलेली कड बोटाला लगेच कळते, आणि जी कड बोटाला लागते ती चकचकीत रंगाखालून हमखास वर दिसते. सगळी फ्रेम शेवटी ४०० ने एकसारखी मंद झाली पाहिजे. कुठेही चमक उरली असेल तर तिथे पेपर पोहोचलेला नाही. लग (जोडावर नळ्यांभोवती बसवलेली धातूची खोळ) असलेल्या जोडांच्या कडा, ब्रेकच्या पुलाची खालची बाजू आणि दोन्ही स्टेंच्या मधला कोपरा या चुकायच्या ठरलेल्या जागा. तिथे पेपराची बारीक पट्टी कापून, दोन्ही टोकं धरून, बूट पुसतात तशी पुढे-मागे ओढा.

(फ्रेम ॲल्युमिनियमची असेल तर लोखंडी तारेचा ब्रश वापरू नका, लोखंडाचे कण धातूत रुततात आणि नंतर तिथून खराबी सुरू होते. अस्तरही वेगळं लागतं, एच (etch) प्रायमर. आणि कार्बनची फ्रेम असेल तर हे उत्तर तुमच्यासाठी नाही.)

धुणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आधी बीबी आणि हेडच्या आतलं ग्रीस रॉकेलने किंवा डिझेलने काढा. मग भांड्यांच्या साबणाच्या पाण्याने सगळी फ्रेम घासून धुवा, दोनदा. शेवटचं पाणी पिण्याचं वापरा. बऱ्याच सोसायट्यांत वापरायला बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं, ते खारट असेल तर एवढी मेहनत करून मीठ आपणच परत लावतो. शेवटच्या पाण्याकडे नीट बघा. ते नळीवर एकसंध पसरून ओघळलं तर पृष्ठभाग स्वच्छ आहे. कुठे फुटून थेंब-थेंब झालं तर तिथे अजून तेल आहे, पुन्हा साबण. वाळली की स्वच्छ पांढऱ्या चिंधीने थिनरचा एक हलका हात फिरवा आणि त्यानंतर फ्रेमला उघडा हात लावू नका. डोक्याला लावलेलं खोबरेल बोटांवर राहतं आणि तेवढ्यानेही रंगाला बारीक गोल खळगे पडतात. गाडीच्या पॉलिशमधलं सिलिकॉन तर याहून वाईट, ती चिंधी या कामाच्या आसपासही नको.

स्प्रे निवडताना एकच नियम पाळा: अस्तर (प्रायमर), रंग आणि क्लिअर (वरचा पारदर्शक थर) तिन्ही एकाच जातीचे, शक्यतो एकाच कंपनीचे. बाजारात मिळणारे बहुतेक डबे ॲक्रिलिक लॅकरचे असतात. आपल्याकडे लोखंड म्हटलं की ब्रशने लाल ऑक्साइड मारायची सवय आहे. तो तेलाच्या जातीचा, सावकाश वाळणारा. त्यावर लॅकर मारला की लॅकरमधलं थिनर खालचा थर फुगवतं आणि डोळ्यांदेखत सुरकुत्या उठतात. तेव्हा ग्रे प्रायमरचा स्प्रेच घ्या, उघड्या लोखंडासाठी झिंक फॉस्फेटवाला मिळाला तर उत्तम. साधारण ४०० मिलीचे डबे येतात. फ्रेम आणि चिमट्यासाठी प्रायमरचे दोन, रंगाचे तीन, क्लिअरचे दोन. फ्रेमचं क्षेत्रफळ थोडंच असतं, पण नळ्या बारीक असल्याने निम्मा फवारा बाजूने निघून जातो. रंगाचे डबे एकदमच आणा, नंतर आणलेल्या डब्याची छटा जुळेलच असं नाही. टू-के क्लिअर नावाचा, तळाशी बटण दाबून आतलं हार्डनर फोडायचा डबा मिळतो. तो कडक होतो खरा, पण त्यात आयसोसायनेट असतं, फुप्फुसांना धोकादायक. घरी तो वापरू नये असंच मी सांगेन.

आता हवा. लॅकरमधलं थिनर उडतं तेव्हा पृष्ठभाग गार पडतो. हवा दमट असली की त्या गारव्यावर पाणी धरतं आणि रंगावर पांढुरकं धुकं येतं. काळ्या रंगावर ते फार वाईट दिसतं. जून ते सप्टेंबर या कामाचं नाव काढू नका, आणि ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी ढग येत असतील तेव्हाही नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला मोसम. त्यातही पहाटे दव असतं आणि दुपारनंतर समुद्राकडून वारं सुटून दमटपणा वाढतो. सकाळी दहा ते एक ही वेळ धरा. मोबाइलवर आर्द्रता बघा, साठ-पासष्ट टक्क्यांच्या खाली असेल तर निर्धास्त, सत्तरच्या वर गेली तर त्या दिवशी फक्त घासकाम करा. धुकं आलंच तर घाबरू नका. वाळू द्या आणि कोरड्या हवेच्या दिवशी त्याच रंगाचा एक अगदी पातळ हात मारा, बहुतेक वेळा ते जिरतं.

बाल्कनीबद्दल माझं मत विचाराल तर गच्ची बरी. सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी सांगा, वाळत घातलेले कपडे नसतील अशी वेळ बघा, आणि खाली गाड्या उभ्या असतील त्या बाजूला जाऊ नका. उडालेला रंग वाऱ्यावर बराच लांब जातो आणि अर्धवट वाळलेला कण गाडीवर बसला की खरखरीत थर होतो. फ्रिजच्या किंवा वॉशिंग मशीनच्या मोठ्या खोक्याचा तीन बाजूंचा आडोसा करा, खाली पाणी शिंपडा म्हणजे धूळ बसते. ठाण्याच्या घोडबंदर पट्ट्यात किंवा जिथे शेजारी इमारतीचं काम चालू आहे तिथे तर हे हवंच. बाल्कनीशिवाय पर्याय नसेल तर घराच्या बाजूचं दार पूर्ण बंद, आणि स्वयंपाकघरातला गॅस, देवघरातला दिवा, उदबत्ती, सगळं विझलेलं. डब्याला दाब देणारा वायू म्हणजे जवळजवळ सिलिंडरमधलाच गॅस. तो हवेपेक्षा जड असतो, फरशीवरून सरपटत ठिणगीपर्यंत जातो. तोंडाला एन-९५ पुरत नाही, तो धूळ अडवतो, थिनरची वाफ नाही. काडतुसाचा मास्क मिळतो, ऑरगॅनिक व्हेपर लिहिलेला, तोच घ्या.

फ्रेम हेड ट्यूबमधून जाड तार ओवून टांगा, म्हणजे चारही बाजूंनी फिरता येतं. बीबीचे आटे, सीटची नळी, हेडच्या वाट्यांच्या जागा कागदाचा बोळा आणि मास्किंग टेपने बंद करा. बोल्टच्या भोकांत जुने बोल्ट अर्धे फिरवून ठेवा. कंपनीचा पितळी बिल्ला रिव्हेटने बसवलेला असेल तर काढू नका, त्याच्या आकाराची टेप ब्लेडने कापून लावा.

डबा हलवा. आतली गोळी वाजायला लागल्यापासून दोन मिनिटं, आणि मधूनमधून पुन्हा. पहिला फवारा पुठ्ठ्यावर. मग अंतर वीतभर ठेवून, हात नळीला समांतर. बटण नळीच्या बाहेर दाबायचं, नळीवरून हात न थांबवता न्यायचा आणि बाहेर गेल्यावर सोडायचं. नळीवर असताना बटण सुरू केलं तर तिथे थेंब पडतो, आणि हात थांबला की ओघळ ठरलेला. आधी जोड, बीबीच्या मागचे कोपरे आणि नळ्यांच्या खालच्या बाजू, मग लांब सरळ नळ्या. पहिला हात इतका पातळ असावा की खालचं स्पष्ट दिसत राहील. तो धरून ठेवतो पुढच्या हातांना. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. एकाच हातात झाकून टाकायची ओढ आवरा. अंतर फार वाढलं तर रंग हवेतच वाळून पोहोचतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो, तसं जाणवलं तर थोडं जवळ या.

प्रायमरचे दोन-तीन हात झाले की रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी ६०० च्या पेपरने पाण्याबरोबर हलकं घासा, धातू दिसायला लागला तर तिथे पुन्हा प्रायमर. खड्डे राहिले असतील तर ते याच टप्प्यावर लांबीने भरतात. मग पुसून, पूर्ण वाळवून रंगाचे तीन-चार पातळ हात. अक्षरांचे स्टिकर लावायचे असतील तर रंग पक्का झाल्यावर आणि क्लिअरच्या आधी, आणि त्यांवर क्लिअरचे पहिले दोन हात नुसते शिंतोड्यासारखे, नाहीतर स्टिकरची शाई पसरते. ओघळ आलाच तर ओला असताना बोट लावू नका. दोन दिवस जाऊ द्या, लाकडाच्या छोट्या ठोकळ्यावर ६०० चा पेपर गुंडाळून तेवढाच भाग घासा आणि त्यावर पुन्हा हात मारा. रंग वाळून कडक व्हायच्या आत टेप काढा, कडेला मागे दुमडून, सावकाश. डबा ठेवताना तो उलटा धरून नुसता गॅस येईपर्यंत बटण दाबा, नोझल तुंबत नाही.

यानंतर जे आहे ते बहुतेकांना जमत नाही: थांबणं. वीस मिनिटांत हाताला रंग लागेनासा होतो, दुसऱ्या दिवशी फ्रेम उचलता येते, पण आतून तो मऊच असतो. नखाने दाबलं तर खूण राहते. त्या अवस्थेत ब्रेकचा क्लॅम्प आवळला की रंग चिरडतो. दोन आठवडे घरात, हवा खेळेल अशा जागी टांगून ठेवा. नख दाबून खूण उठत नाही आणि थिनरचा वास गेला, मगच जोडणी. जोडताना सीटच्या नळीत आणि बीबीतून आतल्या बाजूला थोडं पातळ तेल सोडून फ्रेम फिरवा, कारण जुन्या सायकली बहुधा आतूनच खातात. बीबीच्या तळाला पाणी जायचं भोक असेल तर ते रंगाने बुजलेलं नाही ना ते बघा. प्रत्येक आट्याला ग्रीस.

हे वाचून एवढी खटपट झेपेल का असं वाटत असेल तर दुसरा रस्ताही सांगतो. ठाण्यात वागळे इस्टेट आणि तुमच्या बाजूला तुर्भे-रबाळे एमआयडीसीत पावडर कोटिंग करणारे आहेत. भट्टी साधारण १८० ते २०० अंशांची असते, रंग स्प्रेपेक्षा कितीतरी टणक बसतो. सायकल रोज स्टेशनच्या स्टँडवर, दहा सायकलींच्या गर्दीत राहणार असेल तर मी तिकडेच पाठवीन. मात्र रंग त्यांच्याकडे त्या दिवशी चालू असेल तो मिळतो, साधी लांबी त्या उष्णतेत टिकत नाही, आणि आधी जोरात ब्लास्टिंग (रंग काढायला वाळूचा मारा) केलं तर पातळ नळ्यांचं नुकसान होतं, तेव्हा हलक्या हाताने करा असं बजावून सांगावं लागतं. सायकल घरात राहणार असेल, रविवारी पाम बीच रस्त्यावर फिरवायची असेल, तर घरचा स्प्रे पुरेसा आहे आणि बिल्ला, मूळ रंगाची छटा, सोनेरी रेघा हे सगळं तुमच्या हातात राहतं.

स्प्रेचा रंग खरचटणार, ते धरूनच चाला. उरलेला डबा जपून ठेवा. टवका उडाला की त्याच आठवड्यात ती जागा पुसून, ६०० ने हलकं घासून घ्या. डब्याच्या झाकणात थोडा रंग फवारून दोन मिनिटं गॅस निघून जाऊ द्या आणि बारीक ब्रशने टवक्यापुरता लावा. हे मे महिना संपायच्या आत उरकलेलं असावं. पावसात उघड्या राहिलेल्या टवक्यातून गंज रंगाखाली सरकत जातो, आणि मग पुन्हा १८० च्या पेपरपासून सुरुवात करावी लागते.